बैसा

खाटेमागे दिवसाला चारशे बैसा.
सोहारच्या या वृद्धालयात खाटा बेचाळीस,
म्हणजे रोजचे सोळा रियाल आठशे.
नऊ वर्षं मी हा आकडा डाव्या पानावर लिहिला,
न बघता, शर्टाचं बटण लावावं तसा.

उजव्या पानावर सरकारकडून परत येणारं:
ज्यांचं बिल भरायला कुणी नाही अशा तेरा जणांची
औषधं, डायपर,
रात्रपाळीची एक नर्स.

आज पत्रक आलं.
एक तारखेपासून खाटपट्टी बंद.
मालकांनी हलव्याचा डबा फोडला,
केशराचा, बोटाला चिकटणारा.
कुरियन म्हणाला, सुटलो बाई,
घेणारेही तेच, देणारेही तेच, नुसता कागदांचा ताप.

आमच्या कुडाळात याला म्हणतात
या बोटाची थुंकी त्या बोटावर.
खरंच आहे.
पण माझे वडील सोसायटीत कॅशियर होते,
बोट ओलं केल्याशिवाय
त्यांना नोटा मोजताच यायच्या नाहीत.

डावं पान कोरं झालं
की उजवंही होणार.
पत्रकात हे वाक्य नाही.
मी दोनदा शोधलं, अरबीतही.

चारशे बैसा.
इथलं बारकं नाणं.
आणि आमची पणजी दारात आलेल्याला म्हणायची,
बैसा.
पाट पुढे सरकवून, कोण कुठला न विचारता.
मग इतकी वर्षं मी काय लिहीत होते?

संध्याकाळी खाट सतरा.
झुवैना बिन्त सुलूम, जन्म झांझिबारचा,
रागावली की अजून स्वाहिलीत रागावते.
नवरा गेला, भाऊ गेला, गेल्या वर्षी गुडघे गेले.
तिला हलव्याचा तुकडा भरवला,
दात नसले तरी चालतं त्याला.
"कसला गं?"
"कर माफ झाला, त्याचा."
"कुणाला?"
"तुझ्या खाटेला."

ती हसली. जीभ ओठांवरून फिरवली.
पलंगाची कड दोनदा थोपटून म्हणाली,
"बस ना मग.
आता ही फुकटची आहे."

मी बसले.
रात्रपाळीची ग्लॅडिस यायला अजून वेळ होता.
महिना संपायला नऊ दिवस.