पिशवीचा कोपरा

नोटीस आली पाणीपट्टीच्या बिलाला टाचून.
ओला वेगळा, सुका वेगळा,
जमेल त्यानं ओला घरातच जिरवावा,
मिसळलेला उचलला जाणार नाही.
खाली शिक्का, अर्धाच उमटलेला.

दोन बादल्या आणल्या, हिरवी आणि निळी.
पहिल्याच सकाळी छबूताईनं
हिरवीत हात घातला आणि चिमटीत धरून वर काढला
दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा.
"मिस्त्री, ह्यो काय कुजतोय व्हय?
समदा कापू नगासा, लटकता ठेवा."
उत्तरेश्वर पेठेतला सगळा बोळ दारात उभा.
उद्यमनगरात पस्तीस वर्षं कास्टिंग तपासलं मी,
केसाएवढी चीर दिसली तरी नग परत फिरवायचो.
आज माझी बादली परत फिरली,
आणि घंटागाडी वाजत वाजत बावड्याकडं गेली.

मग गच्चीवर ड्रम ठेवला.
भोकं पाडली, ड्रिल घरचंच.
तळाला नारळाच्या शेंड्या,
त्यावर रसवंतीतनं मागून आणलेली चिपाडं,
मेथीची देठं, चहाचा चोथा,
कांद्याची सालं, रविवारी जरा जास्तच.
हाडांचं काय, ते नोटिशीत नव्हतं.
वॉर्ड ऑफिसातला पोरगा म्हणाला,
"हाडं ओल्यात, काका. पण ड्रममध्ये नको, मांजरं येतील."
म्हणजे ओलं, पण घरात न जिरणारं.
असतं असंही. आमच्या थोरल्याचं नाव
मी त्याच्यासमोर घेतलं नाही.

आठ दिवस हिचा पदर नाकाला.
मान्यांच्या वहिनी जिन्यातनंच बोलल्या, वास येतोय म्हणून.
लाकडाचा भुसा टाकला दोन मुठी.
वास बसला,
वहिनी काही बसल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी कोपरापर्यंत हात घातला.
ऊब.
रस ओतल्यावर तिसऱ्या तासाला
साचा लागतो ना हाताला, तशी.
वरनं काळा, गप्प,
आत पाळी चालूच.
रिटायर झाल्यापासून
माझ्या हाताखाली काही तापलं नव्हतं.
हात तसाच ठेवला.
खालनं ही ओरडली, "चहा निवला की ओ!"

तीन महिन्यांनी चाळलं.
काळं, भुसभुशीत, वळवाच्या मातीसारखं नाकात भरणारं.
चाळणीवर राहिली आंब्याची कोय,
सफरचंदावरचं गोल स्टिकर,
हिच्या बांगडीचा हिरवा तुकडा,
आणि एक कोपरा.
पांढरा, टोकदार, आज सकाळी कापल्यासारखा.

दूध रोज मीच तापवतो. कात्रीही माझीच.
कुणाला काही बोललो नाही.

आता कोपरा लटकता ठेवतो पिशवीला.

छबूताईला पिशवीभर खत दिलं.
तिनं आधी आत बोटं फिरवून बघितलं,
सावकाश, तळापर्यंत.
मग मागं टाकलं नाही,
पुढं ठेवलं, ड्रायव्हरच्या शेजारी.