सॉनात फोन नेत नाहीत

आवाज चांगला होता तुझा.
शुद्ध फिनिश, थोडी दमलेली,
दिवसभर काउंटरमागे बसलेल्या माणसाची असते तशी.
मागे दुसरे फोन वाजत होते, कुणीतरी खोकलं.
ते खोकणंही खोटंच होतं का रे?
मला अजून त्याचंच जास्त लागून राहिलंय.

तू म्हणालास, तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढतंय,
आत्ता, आपण बोलतोय तेवढ्यात.
खिडकीबाहेर दुपारचे तीन आणि मिट्ट काळोख,
केमियार्वीचं तळं तळापासून गप्प,
आणि माझ्या पायाखालचा बर्फ
स्वयंपाकघरात उभी असताना तडकला.

चौतीस वर्षं टपाल वाटलं मी या गावात.
रजिस्टर पत्र सहीशिवाय सोडलं नाही.
सख्ख्या बहिणीला म्हणाले होते, ओळखपत्र दाखव,
वर्षभर बोलली नाही ती माझ्याशी.
तुझ्याकडे मी काय मागितलं?
तू मागत गेलास, आणि मी चष्मा शोधून
पुठ्ठ्याच्या कार्डावरचे आकडे वाचत गेले,
शाळेत उभं करून पाढे म्हणवून घ्यावेत तशी.
अडखळले की तू म्हणायचास,
"सावकाश, आउने, सावकाश."

मध्येच म्हटलं, मुलाला विचारते.
तेव्हा मात्र बदललास, अर्धा क्षण.
"मुलाला नको. चोर घरातलाही असतो."
भुंकण्याआधी कुत्रा वरचा ओठ उचलतो ना,
तेवढंच.
चावणारं कुत्रं मला फाटकाच्या अलीकडून कळतं.
कळलं.
आणि तरी पुढचा आकडा वाचला.

चार हजार तीनशे युरो.
छपराचे होते.

यार्को विचारायचा, पत्रे कधी घालतेस?
म्हणायचे, बघू उन्हाळ्यात.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
माझी चार हजार तीनशेची,
झाकून झाकून बोटं आखडली,
कॉफीचा कप धरवेना.

मग एक शनिवार, तायमीकडचा सॉना.
तिथे फोन नेत नाहीत.
अंगठ्यासुद्धा बाहेर काढून ठेवतो आम्ही, तापतात.
चार म्हाताऱ्या फळीवर, आणि खिसा एकीलाही नाही.
राइलीने दगडांवर पळी ओतली,
त्या चर्र आवाजात मी भरभर बोलून टाकलं,
निम्मं ऐकू जाऊ नये म्हणून.

सगळं ऐकू गेलं.

बराच वेळ नुसती वाफ.
मग तायमी म्हणाली, मला पार्सलचा मेसेज होता. सहाशे.
हेल्वी, जिने चर्चचा हिशेब वीस वर्षं
एका सेंटने चुकू दिला नाही,
स्वतःच्या गुडघ्यांना सांगावं तसं म्हणाली,
अकरा हजार. उन्हाळ्यापासून.
राइली काहीच बोलली नाही.
तिने आणखी एक पळी ओतली.
आम्ही विचारलं नाही.

सोमवारी चौघी बसने रोवानिएमीला गेलो,
इथल्या शाखेत आता केस कापतात.
काउंटरवरच्या मुलीने सगळं लिहून घेतलं,
परत मिळतील असं काही ती म्हणाली नाही.
राइलीने बाहेर येऊन चौघींना बन घेतले.
एवढे महागाचे कधी घेत नाही ती.

कानाला खडा वगैरे ठीक आहे,
पण खडा लावूनही फोन वाजतोच.
बँकेतून बोलतोय म्हणाला की ठेवते.
उठते. कॉफी टाकते.
कार्डामागचा नंबर मी, माझ्या बोटाने लावते.
खरी बँक असेल तर
कॉफी होईपर्यंत थांबते.

तू घाईत होतास, एवढंच तुझं खरं होतं.

एप्रिलमध्ये बर्फ सुटला आणि छप्पर गळायला लागलं.
खाली निळी बादली ठेवली आहे.
यार्को आला, बादलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
बस म्हटलं.
आणि सांगितलं, बादली का आहे ते.