कौलांचा रंग

खानापुरात, स्टेशन रोडला माझं दुकान.
मशीन एक, इस्त्री एक,
आणि फळीवर रेडिओ. त्याची पाठ फुटली तेव्हा
मी त्याला कापडाची पाठ शिवली.
मॅचच्या दिवशी माप घ्यायलाही जागा नसते.

टीम आमची, म्हणजे मलप्रभा टाइल्सची.
भट्टी विझली, मालक हुबळीला गेला,
जाताना गोलकीपरचे पॅड, सगळ्या स्टिका
आणि नावसुद्धा घेऊन गेला.
नावापुढं आता हुबळी लागतंय.
सोळा पोरांतली पाच अजून इथली.
"पाच म्हणजे निम्मी की," म्हणतो बशीर किल्लेदार,
हिशेबात तो पहिल्यापासून कच्चा.

वाद आधी रेडिओचा.
परशराम चौगुले म्हणतो, कॉमेंट्री मराठीतच पाहिजे,
सांगली लाव.
सांगलीला त्या वेळी कांद्याबटाट्याचे भाव.
बशीर म्हणतो, धारवाडच बरं,
कन्नडवाल्याची जीभ चेंडूबरोबर पळते.
आपला मराठीवाला सर्कलमध्ये पोचेस्तोवर
पोरं पाणी पिऊन परत आलेली असतात.
"आणि तो बेंगळूरचा हिंदीवाला?"
"तो चौगुलेला चुगले म्हणतोय. बंद कर."

फेलिक्स मास्तर कोपऱ्यात. डोळे गेलेत,
पण पस्तीस वर्षं शिट्टी त्यांचीच होती मैदानावर.
म्हणाले, "तुम्ही भाषा ऐकूलालाय.
मी स्टीक ऐकतो.
मधोमध बसला की टक्क,
कडेला लागला की टिक्क.
त्याला धारवाड काय नि सांगली काय."
त्यावरही परशरामचं काहीतरी म्हणणं होतंच.

मग पेपरात नव्या जर्सीचा फोटो आला.
निळी. खांद्यावर पिवळी वीज.
छातीवर सिमेंट कंपनीचं नाव.
"सिमेंट?" परशराम उठलाच.
"कौलं कुणी मारली मग? स्लॅबनंच की!"
जुनी तांबडी होती, भट्टीतून काढलेल्या कौलासारखी,
एकोणीस वर्षं मीच शिवली,
चार नंबर दर वेळी जरा वाकडा बसायचा.
बशीरला निळी आवडली. पोरं बारीक दिसतात म्हणे.
दारातून कल्लव्वा बोलली,
तिचा मंजू डाव्या हाफला खेळतो,
"तांबड्यावर इथली माती दिसत नव्हती.
धुणारीला कुणी विचारलं काय?"
कुणीच विचारलं नव्हतं.

रविवारी मडिकेरीबरोबर मॅच.
धारवाड लागलं, वाद न मिटताच.
शेवटची चार मिनिटं, आणि कॉमेंट्रीवाला चढत गेला,
केंपु, केंपु, पुन्हा केंपु,
केंपु म्हणजे तांबडं,
एवढं कन्नड इथल्या कोंबड्यालाही येतं.
दुकान उभं राहिलं.
बशीरनं माझी गजपट्टी टेबलावर आपटली, मोडली.
गोल!
आम्ही एकमेकांच्या पाठी बडवल्या,
परशराम तर बशीरच्या गळ्यात.

टक्क ऐकून बसलेले मास्तर तेवढे बसलेलेच.
थोड्या वेळानं म्हणाले,
"अरे, आज तांबडी ती आहेत."

रेडिओ बोलतच होता.
मी मोडलेल्या गजपट्टीचे तुकडे जुळवून पाहिले,
उगाच.
परशरामनं चप्पल शोधायला फार वेळ लावला.

मंगळवारी मंजू आला, पिशवीत निळी जर्सी.
बाह्या लांब होत्या, दोन बोटं आत घ्यायच्या.
घेतल्या.
त्यानं उलटून पाहिलं. "तांबडा दोरा?"
निळा संपला म्हटलं,
आणि निळ्याचं भरलेलं रीळ
कोपरानं कापडाखाली ढकललं.
"आतून हाय न्हवं, चालतंय," म्हणाला,
"रेडिओवर काय दिसूलालंय?"
किती झाले विचारलं. पगार मिळतो आता त्याला.
वीस, म्हटलं.
घेतले.