उशिराचं कारण

एकादशीला निघायचं ठरलंय.
दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दुसऱ्या दिवशी,
पहाटे पाचला, प्रतापनगर स्टेशनच्या फाटकापासून.
चार दिवस. कोजागिरीला गरुडेश्वर.
कागदावर सोपं दिसतं.

श्रावणापासून रोज सुरसागरला पाच फेऱ्या.
पहिल्याच आठवड्यात डाव्या टाचेनं राजीनामा दिला.
डॉक्टर म्हणाले, बूट एक नंबर मोठे घ्या,
लांब चालताना पाय वाढतात.
न्यायमंदिराजवळच्या दुकानात पोरानं विचारलं,
माजी, शेना माटे?
देणं फेडायला, म्हटलं.
त्यानं मान डोलावली आणि मोज्यांची एक जोडीही बिलात घातली.

शिरीष पर्थहून म्हणतो, ताई, बस जाते ना थेट?
जाते.
बाबांनाही ठाऊक होतं.

बाबा छोट्या लाइनवरचे गार्ड.
आई म्हणायची, तुमच्या गाडीपुढे वरात निघाली
तर वरात आधी पोचेल, जेवूनसुद्धा घेईल.
रेल्वेची वही इंग्रजीत; ती ऑफिसात जमा व्हायची.
घरी दुसरी, मराठीत, निळ्या शाईची:

केळणपूर. उशीर ११ मिनिटे. कारण: म्हशी.
कुंढेला. उशीर ४. कारण: नवरी चढेना, रडत होती.
थुवावी. उशीर १९. कारण: कळले नाही.

देवळात गेलो की हा माणूस बाहेर थांबायचा,
चपला कोणी सांभाळायच्या म्हणून.

आणि शेवटी, सयाजीच्या वॉर्डात, कुशीवर वळून:
विदू, गरुडेश्वरला एक द्यायचं राहिलंय.
मी विचारलं, कुठल्या बँकेत?
ते हसले, हसण्याचा खोकला झाला,
नर्सनं मला बाहेर काढलं.

मग वही. शहात्तरचा आश्विन.
'विदूच्या तापाचा एकविसावा दिवस.
पायी येईन असे बोललो. घरात सांगितलेले नाही.'
खाली, दुसऱ्या तारखेला:
'ताप उतरला. ६.४० ची वेळेवर सुटली.'

पुढच्या आश्विनात: रजा नामंजूर, दसऱ्याची गर्दी.
त्याच्या पुढच्या: नामंजूर.
एक्क्याऐंशी: शिरीषचा जन्म.
चौऱ्याऐंशी: रजा मंजूर. सासरे वारले.
मग गुडघे.
मग नुसतं 'उशीर', मिनिटांची जागा कोरी,
पान उलटलं तरी तेच, अक्षर तेवढं मोठं होत गेलेलं.

मला तो ताप आठवत नाही.
मोसंबीची फोड आठवते, आणि खिडकीत टांगलेला
त्यांचा पांढरा कोट, एका बटणावर.

हसुमतीबेन कपुराईपर्यंत येणार,
पुढे त्यांचे घूंटण नाही म्हणतात. थेपले मात्र चार दिवसांचे.
डभोईला रात्रीची सोय झाली.
तिलकवाड्याचा फोन लागत नाही.
पिशवीत: मीठ, फोडांसाठी सुई-दोरा, टॉर्च, टोपी
(ऑक्टोबरचं ऊन, गर्दीत नसलं तरी भांडखोर),
बाबांची शिट्टी. काढून ठेवली.
परत घातली.
वाजवणार नाही, पण वजन तरी कितीसं तिचं.

त्यांच्या गाडीला केळणपूर बेचाळीस मिनिटं,
मला साडेतीन तास, टाच राजी असेल तर.
वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर रकाने आखलेत:
स्टेशन. आगमन. उशीर. कारण.
शेवटची ओळ आधीच भरून टाकली:
गरुडेश्वर. कोजागिरी. उशीर ४८ वर्षे.

कारणाचा रकाना बघत अर्धा तास बसले.
म्हशी लिहावं का?
ओरसंगच्या वाळूत बूट काढून बसेन तेव्हा बघू.
आत्ता मोजे धुवायचेत.
नवे मोजे न धुता घालू नयेत म्हणतात, चावतात.