निंबोळी

पाचव्या आठवड्यात तो दूध फेकू लागला.
गुळणी नव्हे, धार:
पाळण्यापासून भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत.
आणि लगेच पुन्हा भुकेला,
मूठ चोखत, आमच्याकडे बघत.

आई म्हणाली, तुह्यं दूध बाधलं पोराले.
योगिनीने तिखट सोडलं, वांगं सोडलं,
मग जवळजवळ जेवणच.
मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या.
लंगोट कोरडे राहू लागले.

मी सावद्याच्या केळीबागांत ठिबक दुरुस्त करतो.
नळी फुगलेली, पुढच्या झाडाला थेंब नाही,
हे मला बांधावरून कळतं.
घरात कळलं नाही.

जळगावला फालक बाईंनी त्याला
साखरपाण्याचं बोट चोखायला दिलं.
तो निवला, पोट सैल पडलं,
तेव्हा माझं बोट धरून त्यांनी बरगडीखाली टेकवलं.
लागतंय?
सरकती, टणक, निंबोळीएवढी.
पुस्तकात ऑलिव्ह लिहिलंय, त्या म्हणाल्या,
पण इथं ते पाहिलंय कोणी?

जठराच्या दाराशी स्नायू जाड झालेला.
दुधाला वाट नाही. दूध चांगलंच होतं.
हे शेवटचं वाक्य मी त्यांना
योगिनी आत आल्यावर पुन्हा बोलायला लावलं.

दोन दिवस नुसतं सलाईन.
आधी रक्तातले क्षार जागेवर येऊ देत.
मनगटावरच्या पट्टीवर: बेबी ऑफ योगिनी.
बारसं राहूनच गेलं होतं.

तीन छिद्रं, ज्वारीच्या दाण्याएवढी.
एकातून कॅमेरा.
केसपेपरच्या पाठीवर त्यांनी चित्र काढलं:
स्नायू लांबीने चिरायचा, हलकेच फाकवायचा,
आतलं अस्तर फुगून वर येईल,
त्याला धक्का लागू द्यायचा नाही.
म्हणजे नळी कापायची नाही, मी म्हणालो,
बाहेरची रिंग तेवढी सैल करायची.
तसंच, त्या म्हणाल्या.
फक्त इथं बदलायला दुसरी नळी नसते.

पाऊण तास.
खिशात एक चोंदलेला ड्रिपर सापडला,
तो मी नखाने कोरत बसलो.

रात्री पहिलं दूध, पंधरा मिली.
मी टॉवेल पसरून उभा.
थोडं आलं. ओघळ, धार नव्हे.
योगिनी पांढरीफटक.
येतं एक-दोनदा, सिस्टर म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली.
त्यानंतर नाही आलं.

पहाटे लंगोट ओला.
तो बदलायला तिनं कुणाच्या हाती दिला नाही.
मग म्हणाली,
खाली कुठं भरीत मिळतंय का बघा.
तिखट.