परंतुच्या आधी

गुणपत्रिकेत चार रकाने असायचे:
विषयमांडणी, उच्चार, आवेश, खंडन.
मुलं चौथ्यात पडायची.
भाषण घरून पाठ करून आणता येतं,
खंडन समोरच्याच्या तोंडातून उचलावं लागतं.

दीपश्री खवणेकर, आठवी ब.
तिला मी बर्फाच्या कारखान्यामागे उभी करायचो,
आत यंत्र धडधडत असताना.
ओरडू नकोस. शेवटचं अक्षर खाऊ नकोस.
आधी समोरच्याची बाजू सांग,
त्याला स्वतःला जमणार नाही इतकी नीट.
मग थांब.
मग परंतु.

जिल्ह्याला विषय आला:
यांत्रिक मासेमारी, शाप की वरदान.
चिठ्ठीत वरदान निघालं.
रापणीचा दोर ओढणाऱ्याची पोर, तासभर रडली.
मी म्हटलं, चिठ्ठीत निघते ती आपली बाजू.
फार शहाणा होतो तेव्हा.

आदल्या रात्री खळ्यात तिने बापाला भाषण ऐकवलं.
तो फाटलेलं जाळं सांधत होता,
पाच मिनिटं मान वर केली नाही.
मग म्हणाला,
"तुजां पटता माका, चेडवा. पण माका नको."
ह्याचं खंडन काय, तिने मला विचारलं.
मी म्हटलं, झोप आता, पहाटेची एसटी आहे.

पहिली आली.
ढाल अजून शाळेच्या कपाटात आहे,
आडनाव चुकीचं कोरलेली.

परवा जेटीची जनसुनावणी झाली.
मांडवात पंख्यांनी कागद उडत होते.
कंपनीतर्फे बोलायला उठली ती तीच.
माइक वीतभर लांब धरला.
आधी गावाची बाजू सांगितली:
रापण लागते ती जागा,
खाडीच्या तोंडाशी दर वर्षी कूस बदलणारी वाळू,
कालवं काढून कापलेले बायकांचे अंगठे,
घड्याळ नसलेल्या घरांत तोंडपाठ असलेली ओहोटी.
आमच्यातलं कुणीच सकाळपासून इतकं नीट बोललं नव्हतं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
तिचा बाप मागच्या रांगेत, चपला हातात घेऊन.

आणि ती थांबली.

मी शिकवले होते दोन सेकंद.
माझं बोट आपसूक घड्याळावर.
तीन. पाच.
अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.
सात.
कुणीतरी खोकलं.
नऊ.

"परंतु," ती म्हणाली,
आणि पुढचं सगळं निर्दोष होतं.

माझी पाळी आली तेव्हा
मला एकच वाक्य आठवत होतं, त्याच्या खळ्यातलं.
ते माझं नव्हतं,
म्हणून खिशातला कागद काढून वाचला.
शेवटची अक्षरं खाल्ली.

रात्री एक जुनी कोरी गुणपत्रिका सापडली.
चारही रकाने पुन्हा पुन्हा पाहिले.
मग कडेच्या मोकळ्या जागेत, पेन्सिलीने,
लिहून ठेवलं: नऊ.