विशेष ग्रामसभेचं इतिवृत्त

मौजे माळसोंडा, शाळेचं पटांगण.
वेळ अकराची. साहेब साडेबाराला आले.
हजेरीसाठी वहीत मी दोन पानं सोडली होती,
पुरली नाहीत.

साहेबांनी टेबलावर पांढरा कपडा अंथरला
आणि त्यावर ठेवली दगडाची एक कांडी,
उसाच्या कांडीसारखी, गोल, गुळगुळीत,
आमच्याच गायरानाच्या पोटातून काढलेली,
चारशे फुटांवरून.
गायरानाला कुणी विचारलं नव्हतं. आम्हालाही.

बघा, म्हणाले, किती घट्ट आहे.
यात ठेवू. आधी पोलादाच्या पिंपात, मग काँक्रीटमध्ये.
माल परदेशातून येईल. जहाजानं, मग मालगाडीनं,
मग तुमच्या चौपदरी रस्त्यानं.
(रस्ता व्हायचा आहे.)
मी वहीत 'माल' लिहिलं, खोडलं,
'कचरा' लिहिलं.

इस्माईल पिंजारी उठला, बोरच्या गाडीवरचा,
तीस वर्षं या जमिनीला भोकं पाडतोय.
साहेब, वडाच्या मळ्यात बोर मारला
की खालच्या आळीतला हापसा गढूळ येतो.
मधी पाऊण कोस.
ती पाइपलाइन कुणी टाकली मंग?

साहेबांनी नोंद घेतली,
म्हणजे पेनाचं टोपण काढलं.

कुणीतरी विचारलं, तिकडं खडक न्हाईत का?
आहेत, साहेब म्हणाले, पण तिथं लोकांचा विरोध आहे.

आधी बायका हसल्या.
मग पारावरचे म्हातारे, मग शिपाई,
सगळ्यात शेवटी साहेबांचा ड्रायव्हर, तोंड फिरवून.
कोंडाबाई म्हणाली, दिवं त्यांच्या माडीवर
अन् काजळी आमच्या कोनाड्यात व्हय.

भूकंपाचा विषय कुणी काढला नाही.
त्र्याण्णव साली मी सात वर्षांचा होतो.
खडक तेव्हाही घट्टच होता.
पटांगणातल्या निम्म्या पोरांना
न पाहिलेल्या काका-आत्यांची नावं आहेत.

किती दिवस ठेवायचं म्हनता?
दिवस नाही, हजारो वर्षं. पण वर पाटी लावू,
कुणी खणू नये म्हणून. सगळ्या भाषांत.

तेव्हा चौथीतल्या पोरानं बोट दाखवलं
शाळेच्या पायरीकडं.
पायरी म्हणजे जुना शिळालेख, आडवा पडलेला.
वर चंद्र-सूर्य, मधे गाढव, खाली चार ओळी.
मराठीच आहे म्हणे.
कुणीतरी कुणाला तरी सातशे वर्षांपूर्वी
आईवरून शिवी घालून बजावलंय, हात लावू नका.
कशाला, ते आता कुणालाच वाचता येत नाही.
आम्ही तिथं चपला काढतो.

साहेब गाढवाकडं बघत राहिले.

यल्लव्वा वडार उठली नाही, नुसती पुढं सरकली.
कांडी मांडीवर घेतली, तपासायला लेकरू घ्यावं तशी,
नखानं वाजवली, कानाशी नेली.
दगडाला शीर असती, म्हणाली. समद्या.
मग कमरेची हातोडी काढून
मारलं म्हणता येणार नाही, टेकवली.

कांडी तिरकी उकलली.
आत पांढरी रेघ, मिठासारखी चमकणारी.
पाणी येऊन गेलंय हितनं, ती म्हणाली,
तुमच्या आदी.

पुढचं मला नीट लिहिता आलं नाही.
ठराव क्रमांक चार. नामंजूर.
सूचकाच्या जागी यल्लव्वाचा अंगठा,
अनुमोदकासाठी छापील एकच ओळ,
तिथून अंगठे घसरत गेले
समासात, मागच्या पानावर,
गेल्या सालच्या पाणीपट्टीच्या थकबाकीवर.

साहेब म्हणाले, हे नियमात बसत नाही.
बसत नाही, खरंय.
एक अर्धुक ते घेऊन गेले, पुरावा म्हणून.
दुसरं माझ्या टेबलावर आहे,
पंखा लागला की कागद दाबायला.
वरून पुन्हा पत्र आलंय. तेही त्याच्याखाली ठेवलंय,
बघू.